थंडीतल्या ट्रेकसाठी बूट: सहा नंबर चावतो, सात निसटतो. मापाचा बूट ओळखायचा कसा?

मधुरा_मानेवाडा
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी आम्ही ऑफिसमधले काहीजण उत्तराखंडात केदारकांठ्याच्या ट्रेकला जाणार आहोत. पायथ्याच्या सांक्री गावापासून चढाई, माथा साधारण साडेबारा हजार फूट, वरचा टप्पा बर्फातून. जॅकेट, पाठपिशवी वगैरे जमलं, बूट तेवढे राहिले. नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, सदर, सगळीकडे फिरून झालं. सहा नंबर घातला की करंगळीपाशी आवळतो. सात घातला की पुढे बरा वाटतो, पण चालताना टाच वर उचलली जाते. एक दुकानदार म्हणतो, "घालत राहा, आपोआप सैल होईल." दुसरा म्हणतो, "मोठा घ्या, दोन मोजे घाला, भरून निघेल."

मला वाटतं, थंडीसाठी घट्ट बूटच बरा, म्हणजे आत गार हवा शिरायला जागा राहणार नाही. तुमचा अनुभव काय? बजेट पाच-सहा हजार.

तर्री_जास्त
नागपुरात बर्फाचा बूट शोधणं म्हणजे श्रीनगरात डेझर्ट कूलर शोधणं. 😀 मिळेल, पण दुकानदार आधी तुम्हाला खालून वरपर्यंत पाहून घेईल. वाचतोय, चांगला धागा.

धरमपेठी
@तर्री_जास्त, थंडीला एवढं हसू नका भाऊ. 29 डिसेंबर 2018 ला आपल्या इथे पारा 3.5 अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात अंबाझरीवर सकाळी फिरायला येणारे निम्मे लोक गायब होते.

रानवाट
मधुरा, घट्ट बुटाचा विचार आधी डोक्यातून काढ. पायाला ऊब रक्तातून मिळते आणि बूट-मोजे ती धरून ठेवतात. बोटं आवळली की तिथे रक्त कमी पोहोचतं. मोज्यातल्या लोकरीत अडकलेली हवाच थंडी अडवत असते, तीही दाबून निघून जाते. म्हणून महागडा, अस्तरवाला पण घट्ट बूट घातलेला माणूस बर्फात कुडकुडतो आणि साधा पण मापाचा बूट घातलेला मजेत चालतो. बूट बांधल्यावर आतल्या आत पाचही बोटं वरखाली हलवता आली पाहिजेत. माझ्या लेखी ही पहिली अट. वॉटरप्रूफ, ग्रिप, ब्रँड हे सगळं त्याच्या नंतर.

आता दुकानात काय करायचं ते. संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो, डोंगरात दिवसभर चालल्यावर तर नक्कीच. ट्रेकला घालणार तोच जाड मोजा सोबत ने, दुकानातला पातळ नायलॉनचा मोजा घालून बघू नको. लेस न बांधता पाय पुढे सरकव, अंगठा टोकाला नुसता टेकला की टाचेमागे एक बोट उभं शिरलं पाहिजे. दोन बोटं सहज शिरली तर बूट लांब. मग टाच मागे ठोकून लेस बांध आणि उतारावर उभी राहा. दुकानात उतरती फळी नसेल तर जिना आहेच. उतरताना अंगठा पुढे आपटला, तर केदारकांठ्याच्या उतरणीवर नख काळं होणार हे ठरलेलं. जाण्याच्या चार-पाच दिवस आधी नखंही कापून घे.

आणि सगळ्यात कामाची तपासणी कुणी करत नाही. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढ, जमिनीवर ठेव, मोजा घालून त्यावर उभी राहा. पुढे अंगठाभर जागा दिसली पाहिजे आणि बाजूने पाऊल इनसोलच्या बाहेर ओघळता कामा नये. दोन्ही नंबरांवर करून बघ आणि इथे सांग. मला वाटतं तुझी अडचण लांबीची नाहीच, रुंदीची आहे.

नंदनवन_बजेट
एका ट्रेकसाठी सहा हजार कशाला घालता? सांक्रीत बूट, गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड), क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे काटे) सगळं भाड्याने मिळतं. नागपुरात वर्षभर ते बूट घालून जाणार कुठे? बर्डीवर भाजी आणायला?

मधुरा_मानेवाडा
@नंदनवन_बजेट, हा विचार मनात आला होता. पण भाड्याचे बूट म्हणजे किती जणांनी घातलेले असतील…

सावनेर_एक्स्प्रेस
भाड्याचं पूर्ण वाईट नाही. क्रॅम्पॉन, गेटर, काठी भाड्याने घ्याच. बुटाचं वेगळं आहे. आधीच्या माणसाच्या पावलाप्रमाणे आतला तळ दबलेला असतो, त्या खड्ड्यात आपला पाय बसत नाही. शिवाय सुट्ट्यांच्या गर्दीत तुमच्या मापाचा जोड उरला नसेल तर? पहाटे निघायचंय आणि हातात एक नंबर लहान बूट, अशा वेळी माणूस तोच चढवून निघतो.

नंदनवन_बजेट
मुद्दा मान्य, पण सगळ्यांना परवडतं असं नाही. कॉलेजच्या पोरांनी भाड्यानेच घ्यावेत आणि एक दिवस आधी पोहोचून नीट तपासून घ्यावेत, एवढंच म्हणतो.

कामठीचा_फौजी
ताई, रानवाट यांनी जे सांगितलं त्याच्याशी शंभर टक्के सहमत. त्यात मोज्याचं जोडतो. थंडीत ओला मोजा हा सगळ्यात मोठा शत्रू. आमच्या नोकरीत मुक्कामाला पोहोचलं की आधी बूट काढा, पाय पुसा, बोटांच्या मधल्या जागा कोरड्या करा, पावडर लावा, कोरडा मोजा चढवा, मग चहा. हा क्रम मोडला की उस्ताद सोडत नसत. दोन जोड चालायला आणि एक जोड फक्त झोपायला ठेवा. झोपायच्या जोडाला दिवसा हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. आणि सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम पितं आणि धरून बसतं.

संत्रा_काटोल
मी काटोलकडचा, संत्र्याचा बगीचा आहे. डोंगरावर कधी गेलो नाही, पण थंडीत पाय कसे गोठते ते मले मालूम आहे. आमच्याइकडे पंपाले लाइन रातची भेटते. डिसेंबर-जानेवारीत रातच्या दोन वाजता ओलीत कराले उठा लागते. दांडातलं पाणी अन् वरून हवा. गमबूट घातला तं बाहेरचं पाणी आत येत नाही, पण आतला घामही बाहेर जात नाही. दोन घंट्यानं मोजा पिळला तं पाणी निंगते. मंग पाय असा बधिर पडते का खाली ढेकूळ आहे का गोटा, समजत नाही.

मी काय करतो, गमबूट एक नंबर मोठा घेतो अन् जुन्या घोंगडीचा तळव्याच्या मापाचा तुकडा कापून आत टाकतो. त्यानं खालची थंडी वर येत नाही. अर्ध्या रातीले मोजा अन् तो तुकडा दोन्ही बदलतो. ओला तुकडा शेकोटीपाशी सुकवता येते, पण गमबूट आगीपाशी ठेवू नका, रबर तडकते. ताईनं मोठा बूट घ्यावा, पण मोठा म्हणजे ढगळा नाही.

रानवाट
@संत्रा_काटोल, भाऊ, घोंगडीचा तळ ही लाखमोलाची गोष्ट. बर्फावर उभं राहिलं की सगळ्यात जास्त थंडी तळातूनच चढते आणि बूट घेताना लोक तळाची जाडी बघतच नाहीत. लोकरीचा किंवा फेल्टचा इनसोल बाजारात वेगळाही मिळतो. फक्त तो टाकूनच बूट मापायचा, कारण आत जाडी वाढली की जागा कमी होते.

हाडवैद्य
बधिरपणाचं वर आलंच आहे म्हणून लिहितो. थंडीत बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. थांबली म्हणजे बरं वाटलं, असा समज करून घेऊ नका. तिथेच थांबा, बूट काढा आणि बघा. त्वचा पांढुरकी, मेणासारखी, कडक लागली तर हिमदंशाची सुरुवात असू शकते. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही, शेकोटीवरही धरायचं नाही, कारण बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. साधारण 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात गरम करतात, तेही पाय पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. नाहीतर आधी खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

पारा शून्याखाली नसला तरी इजा होते. पहिल्या महायुद्धात चिखलपाण्याच्या खंदकांत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय असेच सडले, त्याला ट्रेंच फूट म्हणतात. ओला, आवळलेला आणि थंड पाय त्याला पुरतो.

लेस बांधताना एक ध्यानात ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूने एक धमनी जाते, बोट ठेवलं तर नाडी लागते. नेमकी तिथेच लोक लेस करकचून ओढतात. बूट सैल आहे म्हणून तिथे आवळणं हा उपाय नव्हे. आणि मधुमेह असलेल्यांनी "मला चावत नाही" यावर विसंबू नये. संवेदना कमी झालेली असू शकते. दुकानात बूट घालून पंधरा-वीस मिनिटं फिरा, मग मोजा काढून लालसर डाग कुठे उमटलेत ते डोळ्यांनी बघा.

पेंच_पहाट
थोडं विषयांतर, पण थंडीच्याच बुटांचं आहे. जानेवारीत पेंचला किंवा ताडोब्याला सकाळच्या सफारीला गेलात तर उघड्या जिप्सीत तीन-चार तास नुसतं बसून राहायचं असतं. चालताना पाय स्वतः गरम होतो, बसल्यावर होत नाही. ट्रेकला उत्तम ठरलेला बूट घालून मित्र जिप्सीत अक्षरशः पाय आपटत बसला होता. बसायच्या कामाला जास्त अस्तराचा, बऱ्यापैकी मोकळा बूट लागतो. लेबलवर 200 किंवा 400 ग्रॅम लिहिलेलं असतं ते बुटाचं वजन नसतं, अस्तराच्या एका चौरस मीटरचं असतं. 400 वाला घालून चढ चढलात तर आत घामाची आंघोळ.

तर्री_जास्त
बसायला वेगळा, चालायला वेगळा, ओलिताला वेगळा. माझ्या बायकोला हा धागा दाखवू नका, तिच्याकडे अजून लग्नाला वेगळे, हळदीकुंकवाला वेगळे आहेत. 😀

फूटपट्टी
नंबरांचा गोंधळ थोडा सोडवतो. आपल्या दुकानांत चालतो तो यूके नंबर. त्यात एका नंबराचा फरक इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबरात एका पायरीचा फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे सहा आणि सातच्या मध्ये साडेसहा मिळाला, तर चार मिलिमीटरने चित्र बदलतं. पण नंबर फक्त लांबी सांगतो. रुंदी ठरते फर्म्यावरून, ज्यावर बूट ओढून बनवतात त्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साच्यावरून. प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा, म्हणून एकीचा सहा चावतो आणि दुसरीचा सहा बसतो.

घरी मापा: भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन त्या पायावर, पेन्सिल उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण. दोन्ही पाय मापा. बहुतेकांचा एक मोठा असतो, बूट मोठ्याच्या मापाने घ्यायचा. पावलाच्या लांबीपेक्षा आत सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जास्त जागा हवी. आणि थंडीचा बूट मे महिन्यात घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात पाय सुजलेला असतो.

इतवारीचा
आमच्या ओळखीचे चर्मकार काका आहेत, जुने कारागीर. त्यांना विचारलं. ते म्हणाले, चामड्याचा बूट करंगळीपाशी थोडा वाढवता येतो, फर्म्यावर चढवून एक-दोन दिवस ठेवला की. पण कापड, रेक्झिन किंवा आत वॉटरप्रूफ पडदा असलेल्या बुटाला तसं ओढायचं नाही, पडदा फाटला की पाणी आत. आणि लांबी कुणीच वाढवू शकत नाही. "घालत राहा, सैल होईल" हे त्यांच्या मते चामड्यालाच थोडंफार लागू.

सावनेर_एक्स्प्रेस
हे इतरांसाठीही. सेलमधला जुना माल घेताना आणि घरचे जुने बूट माळ्यावरून काढताना टाचेचा मधला थर तपासा. पुष्कळ ट्रेकिंग बुटांचा तो थर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाने तो वर्षानुवर्षं आतून तुटत जातो आणि उष्णतेने हे लवकर होतं. आपल्या इथे मे महिन्यात माळ्यावरची उष्णता आणि मागोमाग जुलैची दमट हवा, दोन्ही हजर. बूट न घालता ठेवला तरी होतं, उलट वापरातला जास्त टिकतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचे वरून कोरे दिसणारे बूट पचमढीला धूपगडच्या वाटेवर तळातून अक्षरशः भुगा होऊन पडले, सोल दोरीने बांधून तो परत आला. अंगठ्याने तो थर जोरात दाबा. भेगा, चिकटपणा किंवा कुसकुशीतपणा जाणवला तर ते बूट डोंगरात नेऊ नका. बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या लेबलवर बहुतेकदा बनवल्याचा महिना-वर्ष असतं, तेही बघा.

मधुरा_मानेवाडा
बाप रे, किती शिकायला मिळून राहिलं! इनसोलची तपासणी काल संध्याकाळी दुकानात केली. सहा नंबरला पुढे जागा पुरेशी आहे, पण करंगळीची बाजू इनसोलच्या चांगली बाहेर जाते. सातला बाजूने काठोकाठ, पुढे मात्र अंगठ्यापेक्षा बरीच जास्त जागा. घरी मापलं तर डावा पाय 24.3, उजवा 24 सेंटिमीटर. म्हणजे रानवाट, तुम्ही म्हणालात तेच, रुंदी. मग आता काय, पुरुषांचे बूट बघू?

रानवाट
बघ, पण पुरुषांच्या फर्म्यात टाचही रुंद असते आणि तुझी टाच आधीच निसटते आहे. पंजा रुंद, टाच अरुंद असे पाय बायकांत पुष्कळ दिसतात. आधी वाइड फिट (रुंद पंज्यासाठीचे) लिहिलेले बायकांचे बूट वेगवेगळ्या कंपन्यांचे घालून बघ, साडेसहा मिळतो का ते विचार. ज्यात पंजा मोकळा आणि टाच थोडीशीच हलते तो घे, कारण टाचेचं लेसने जमवता येतं. पंज्याचं कशानेच जमत नाही.

कामठीचा_फौजी
लेसचं मी सांगतो. पंज्यावरची लेस सैलसर ठेवा. पाऊल जिथे वर वळतं, हुक सुरू होण्याच्या आधी, तिथे दोन्ही टोकांना साध्या गाठीऐवजी दोन-तीन पीळ द्या आणि ओढा. पीळ तिथेच अडकतो, खालचा सैलपणा खाली, वरचा घट्टपणा वर. मग टाच मागे ठोकून घोट्याचे हुक व्यवस्थित आवळा. टाच जागची हलणार नाही. उतरणीच्या आधी एकदा पुन्हा बांधा.

नंदनवन_बजेट
दोन मोज्यांचं कुणी बोललं नाही. आत पातळ, वर जाड, हेच योग्य ना? सगळे तेच करतात.

पेंच_पहाट
मी एकच जाड लोकरीचा घालतो. दोन घातले की आत सुरकुत्या पडतात आणि बूट आवळतो.

कामठीचा_फौजी
पातळ मोजा आत असला तर घासायचं ते दोन मोज्यांत घासतं, कातडीवर नाही. फोड कमी येतात. मी दोनच घालणार.

रानवाट
दोन्ही चालतं, अट एकच: जे घालणार ते घालूनच बूट मापलेला असावा. एका मोज्यावर मापलेल्या बुटात वर जाऊन दुसरा कोंबला तर सगळा खटाटोप वाया. मोजा लोकरीचाच आहे ना तेही बघा. हिवाळी स्वेटरच्या बाजारात लोकरीचे म्हणून ॲक्रिलिकचे विकतात. एक धागा ओढून जाळा. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

मधुरा_मानेवाडा
झाले घेऊन! एका दुकानात वाइड फिटचा साडेसहा निघाला. घोट्याच्या वरपर्यंत, वॉटरप्रूफ, अस्तर फार जाड नाही. इनसोलवर पाऊल आत बसतं, बोटं हलतात, जिन्यावरून उतरताना अंगठा लागला नाही. टाच आधी किंचित उचलली जात होती, पीळवाली लेस बांधली तर बसली. बजेटच्या थोडं वर गेलं. आता दोन प्रश्न: सवयीसाठी कुठे चालू? आणि वर तंबूत बूट कुठे ठेवायचे?

धरमपेठी
आधी घरातल्या घरात संध्याकाळचा तासभर घाला, फरशी स्वच्छ ठेवून, म्हणजे चावला तर बदलून घेता येईल. मग सेमिनरी हिल्सला चढ-उतार, पाठीवर थोडं वजन घेऊन. शेवटी रामटेकला गडाच्या पायऱ्या, खास करून उतरताना लक्ष द्या. दुपारी जाऊ नका, या बुटात आपल्या उन्हात पाय शिजेल.

हाडवैद्य
कुठेही गरम किंवा चुरचुरल्यासारखं वाटलं की फोड यायची वाट न बघता तिथेच थांबून टेप लावा.

कामठीचा_फौजी
बूट तंबूच्या बाहेर किंवा कनातीत, म्हणजे दारापुढच्या आडोशात, ठेवू नका, सकाळी लाकूड झालेले मिळतील. इनसोल काढून जॅकेटच्या आत अंगाशी ठेवा. बर्फ झटकून बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी आत घ्या. ओले असतील तर रात्रीच्या जेवणापर्यंत आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, एकदा बदला. शेकोटीजवळ सुकवायचे नाहीत, डिंक सुटतो. आणि ट्रेनमध्ये बूट पायातच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅग हरवली तर जॅकेट कुणाचंही चालेल, बूट चालणार नाहीत.

संत्रा_काटोल
ताई, घोंगडीचा तुकडा पाहिजे असन तं सांगजा. नागपूरले संत्री घेऊन येतोच, संगं आणून देतो. फक्त पायाचं माप कागदावर काढून पाठवजा.